सर्वांच्या संमतीनं

बुधवारी सकाळी पावणेनऊला रुदैना ऑफिसात शिरली, तेव्हा फव्वाज आधीच येऊन बसलेला होता. कोट खुंटीला टांगलेला, चष्मा पुसून नाकावर ठेवलेला, समोर मरमियाचा पाला घातलेल्या चहाचा पेला. पेल्यातून वाफ येत नव्हती, म्हणजे त्याला येऊन बराच वेळ झाला असणार. "ये, रुदैना," तो म्हणाला, "आज मी पहिला." तिच्या हातातली कॉफी हिंदकळली आणि मनगटावर सांडली. चटका बसला तरी तिनं हात झटकला नाही. "अरे वा, अबू लैथ!" असं, सगळे त्याला मुलाच्या नावावरून हाक मारत तसं, ती म्हणाली आणि हसली. आपण किती पटकन हसलो हे तिला नंतर बाथरूममध्ये मनगटावर गार पाणी सोडताना आठवलं. आरशात तिचं तोंड अजून थोडं हसरंच होतं. फव्वाज पावणेनऊला इथे आहे, म्हणजे आठच्या आतच घरातून निघाला असणार. त्याची मेव्हणी सुमय्या मारक्याहून दोन बस बदलून त्याच्या घरी पोचते साडेआठला. मग या वेळी त्याच्या बायकोजवळ, नवालजवळ, कोण आहे? हा प्रश्न इतका साधा होता, की जाऊन विचारायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तिनं नळ बंद केला, मनगट पुसलं आणि बाहेर येऊन संगणक सुरू केला.

नऊ वाजता सगळे फळ्याजवळ उभे राहिले. सकाळच्या या बैठकीत बसायचं नाही, म्हणजे ती लांबत नाही. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, प्रत्येकानं मिनिटभरात सांगायचं आणि कामाला लागायचं. दवाखान्यांच्या भेटीच्या वेळा ठरवून देणारं सॉफ्टवेअर ते बनवत होते. फव्वाजला फळ्याजवळ पाहून हाझिमनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हाझिम सव्वीस वर्षांचा, मोठ्या आवाजाचा, मनानं वाईट नव्हे. "लोकहो, इतिहास घडला! पण अबू लैथ, आमच्या न्याहारीचं काय? तीन आठवडे तुमच्या पावांवर जगतोय आम्ही. आज उपाशी मारणार?" सगळे हसले. दानियानंही टाळ्या वाजवल्या. फव्वाजनं छातीवर हात ठेवून मान झुकवली. चौपन्न वर्षांचा माणूस. वीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून मग या पोरांमध्ये आलेला, त्यांच्या चुका शोधून देण्याचं काम करणारा. शिक्षक वर्गात टाळ्या घेतो तशाच त्यानं या टाळ्या घेतल्या, गंभीरपणे आणि जरासा संकोचून. रुदैना टाळ्या वाजवत होती. मनगट चुरचुरत होतं.

सकाळी फव्वाजला उशीर का होतो, हे ऑफिसात फक्त तिला माहीत होतं. जानेवारीत एकदा लिफ्ट बंद होती, आणि पाच मजले चढताना तिसऱ्या मजल्यावर तो धाप लागून थांबला, तेव्हा त्यानं सांगितलं होतं. विचारलं नसताना. "नवालला विसरायला होतंय. आधी नुसतं नावं विसरायची. आता सकाळी उठून विचारते, लैथची शाळेची बस आली का? लैथ दोहामध्ये आहे, एकतीस वर्षांचा झाला. तिची बहीण आल्याशिवाय मला निघता येत नाही." आणि लगेच, "कुणाला बोलू नकोस. लोक दया दाखवायला लागले ना, की माणूस फुकट म्हातारा होतो." ती म्हणाली, "माझ्यापाशीच राहील." त्याला बरं वाटलेलं दिसलं. तिला मात्र उरलेले दोन मजले चढताना वाटलं, हातात कुणीतरी जड पिशवी देऊन पुढे निघून गेलंय. त्यानंतर रोज सव्वानऊ-साडेनऊला दार ढकलून तो आत यायचा, इतर तिच्याकडे पाहायचे, कारण टीम एकत्र बांधून ठेवणं हेच तिचं काम होतं, आणि ती काहीतरी वाचत असल्यासारखं करायची. खरं सांगायचं तर तिला राग यायचा. नवालचा नाही, फव्वाजचाही नाही, पण त्याच्या त्या गुपिताचा. मागितलं नव्हतं मी, असं ती मनात म्हणायची, आणि त्यानं मागितलंच होतं काय, तेही तिला आठवायचं.

मग फेब्रुवारीत तो ठरावांचा दिवस आला. कल्पना तिचीच. एका अभ्यासवर्गात ती शिकून आली होती की टीमनं आपण एकमेकांशी कसं वागायचं हे स्वतःच ठरवावं, भिंतीवर लिहावं आणि पाळावं. वरून आलेला नियम माणूस मोडतो, स्वतः केलेला मोडत नाही. तिनं भला मोठा कागद आणला, चार रंगांची पेनं आणली. प्रत्येक ठरावाला सगळ्यांनी अंगठा दाखवायचा: वर म्हणजे मान्य, आडवा म्हणजे शंका, खाली म्हणजे नाही. एकाचाही अंगठा खाली गेला तरी ठराव रद्द. हे सगळं समजावून सांगताना तिला स्वतःचा आवाज आवडत होता. 'अडलं तर दोन तासांच्या आत सांगायचं', सगळे अंगठे वर. 'कुणाचं बोलणं तोडायचं नाही', वर. "हाझिमचं सोडून," दानिया म्हणाली आणि हाझिमनं तिचं बोलणं तोडलं, खूप हशा झाला. त्याच वेळी नझीर साहेब, वरचे संचालक, दारात येऊन उभे राहिले. हात छातीशी बांधलेले, चेहऱ्यावर कौतुक. आणि दानिया म्हणाली, "सकाळी नऊ म्हणजे नऊ. नऊ वीस नाही." ती फव्वाजकडे पाहत नव्हती. मुद्दाम पाहत नव्हती. हाझिमनं लगेच जोडलं, "आणि जो उशिरा येईल त्यानं सगळ्यांना तिळाचे पाव आणायचे. गरम. उकडलेली अंडी आणि झातर मसाल्याच्या पुडीसकट!"

रुदैनाच्या जिभेवर शब्द आले होते. साडेनऊ ठेवू या का? बस, एवढंच. गुपित फोडायची गरज नव्हती, कारण सांगायची गरज नव्हती. शहरातली रहदारी सांगता आली असती, सातव्या चौकातली खोदाखोद सांगता आली असती. पण तिनं हिरव्या पेनानं 'नऊ' लिहून टाकलं होतं, आणि अक्षर सुरेख आलं होतं, आणि नझीर साहेब "छान चाललंय" असं पुटपुटले होते. तेव्हा फव्वाजनं तिच्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्यात. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे ठाऊक असलेला शिक्षक पाहतो तसं, नुसतं थांबून. ती म्हणाली, "चला, अंगठे." आणि स्वतःचा सगळ्यांत आधी वर केला. मग हाझिमचा, दानियाचा, इतरांचा. शेवटी फव्वाजचा, वर. तिनं ठरावापुढे कंसात लिहिलं: सर्वांच्या संमतीनं.

त्याचाही वर होता ना. हे वाक्य तिनं पुढे इतक्या वेळा मनाशी म्हटलं की त्याचा अर्थ झिजून गेला.

दुसऱ्या दिवसापासून फव्वाज पाव आणू लागला. बेकरीत रांग असायची, म्हणून आता तो वीसऐवजी पस्तीस मिनिटं उशिरा यायचा. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तरी तिळांचा वास खोलीभर पसरल्यावर कोण बोलणार? तीही खायची. पहिल्या दिवशी घास तोंडात फिरत राहिला, चौथ्या दिवशी तिनं अंड्यावर झातर जास्त घातलं. माणूस कशालाही सरावतो, आणि स्वतःच्या लबाडीला तर सगळ्यांत लवकर. दोन आठवड्यांचं काम संपलं की मागे वळून पाहायची बैठक असे. तिच्यात ती ठरावांपुढे ठिपके चिकटवायची, पाळला तर हिरवा, मोडला तर लाल. 'नऊ'पुढे लाल ठिपक्यांची रांग लागली. सगळे एकाच माणसाचे. नाव लिहिलेलं नव्हतं, तसा दंडकच होता, माणसावर बोट ठेवायचं नाही. नझीर साहेबांनी एकदा त्या रांगेकडे पाहून तिला नुसतंच विचारलं, "याचं काही करता येईल का?" ती म्हणाली, "टीम आपोआप सुधारते, सर. थोडा वेळ द्यायचा." मागे फव्वाज उभा होता. पावांच्या पिशव्या गोळा करत होता.

हे असं कागदावर सरळ दिसणारं काही करून ठेवणं तिला नवीन नव्हतं. आई आजारी होती त्या वर्षी तिघी बहिणींचं वेळापत्रक तिनंच आखलं होतं. जबल हुसैन भागातल्या तिच्या याच घरात, स्वयंपाकघराच्या दारावर. रविवार-सोमवार मोठी, मंगळवार-बुधवार तहानी, गुरुवार-शुक्रवार रुदैना, शनिवारी आळीपाळीनं. अगदी समान वाटणी. तहानीला तेव्हा जुळी होती, पाच महिन्यांची. ती एक पोर कडेला आणि एक छातीशी बांधून बसनं यायची. रुदैना एकटी, शेजारच्याच खोलीत राहणारी. पण समान म्हणजे समान. तहानीनं कागद वाचला आणि "चालेल" म्हणाली. आई गेल्यानंतर कधीतरी भांडी घासता घासता तहानी सहज बोलून गेली, "तुझ्या त्या कागदाची मला फार भीती वाटायची, रुदू. त्यात चूक काढता यायची नाही." दोघी हसल्या होत्या. फव्वाज लवकर आला त्या बुधवारी संध्याकाळी घरी आल्यावर रुदैना स्वयंपाकघराच्या दारापाशी उगाच थांबली. रंग नवा लावून चार वर्षं झाली होती. कागद जिथे होता तिथे काहीच नव्हतं. तिनं ठरवलं, उद्या विचारायचं.

गुरुवारी फव्वाज पुन्हा वेळेवर. ती त्याच्या टेबलापाशी गेली. "अबू लैथ, घरी सगळं ठीक?" त्यानं वर पाहिलं. "सोय केलीय मी," तो म्हणाला. "काळजी करू नकोस." सोय! तो शब्द तिनं दोन्ही हातांनी झेलला. काय सोय, कोण येतं, किती वाजता, असं पुढे विचारायचं असतं. पण तिनं "बरं झालं" म्हटलं आणि जागेवर येऊन बसली, आणि तिला खरोखरच हलकं वाटलं. इतकं हलकं, की दुपारी तिनं दानियाला एक जुना किस्सा सांगून हसवलं. पुढच्या रविवारी वेळेवर, सोमवारी वेळेवर. हिरवे ठिपके. त्या दिवसांत शहरावर वाळवंटातली धूळ आली होती, टेकड्यांवरची पांढरी घरं पिवळसर दिसत होती, खिडक्या बंद ठेवाव्या लागत होत्या. एकदा फव्वाज किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून त्याच्याकडे नुसता पाहत बसलेला तिनं पाहिला. एक किल्ली पिवळीजर्द, नवी करून घेतलेली. तिनं नजर काढून घेतली. तिला कळलं होतं. कळलेलं पुरतं कळण्याआधीच तिनं ते मिटवून टाकलं, आपण चालू असलेला दिवा जाता जाता बंद करतो तसं.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, नऊ वाजून पाच मिनिटांनी फव्वाजचा फोन वाजला. तो बोलत होता. काल सापडलेली एक चूक समजावत होता. त्यानं नाव पाहिलं, "एक मिनिट" म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम पातळ झाला. "कुठल्या जिन्यावर?... पण दार तर... बाहेर कशी गेली?... हलवू नका तिला. सुमय्या, ऐक, हलवू नकोस." तो कोट न घेताच निघाला. हाझिम त्याच्या मागे धावत गेला, "चला, मी सोडतो, गाडी खाली आहे," आणि दोघांची पावलं जिन्यात विरत गेली. लिफ्टची वाट पाहायलाही ते थांबले नव्हते.

काय झालं ते दुपारी हाझिमनंच परत येऊन सांगितलं. त्या आळीत पाणी आठवड्यातून एकदा येतं, मंगळवारी. नळ आले की गच्चीवरच्या टाकीचा कॉक पाहायला जायचं, हे नवाल तीस वर्षं करत आलेली. बाकी सगळं विसरली, ते विसरली नव्हती. नळात हवा घुरघुरली, ती उठली, दारापाशी गेली. दाराला बाहेरून कुलूप. बराच वेळ ती दार हलवत होती, असं समोरच्या बाईनं ऐकलं होतं, पण तिला वाटलं सुतार आलाय. मग नवाल स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या लोखंडी शिडीवर चढली. चार पायऱ्या चढली असेल, पाय निसटला. खाली शेजाऱ्यांचा दगडी जिना. खुब्याचं हाड मोडलं, मनगट मोडलं. शुद्धीवर होती. त्या दिवशी सुमय्याची बस चुकली होती; ती नऊला आली तेव्हा पाणी टाकीतून वाहून जिन्यावर येत होतं आणि नवाल तिला म्हणत होती, कॉक बंद कर आधी.

"अबू लैथ रोज तिला कोंडून येत होते," हाझिम म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "वेळेवर यायला. नऊसाठी. आणि मी पाव मागत होतो. अल्ला, मी अंडी मागत होतो!" दानिया रडायला लागली. "पण सांगायचं ना त्यांनी! आपण काय राक्षस आहोत का? कोणालाच माहीत नव्हतं. रुदैना, कोणालाच माहीत नव्हतं ना?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. अभ्यासवर्गात शिकवलं होतं, अशा वेळी जागा मोकळी ठेवावी, माणसांना बोलू द्यावं. तिनं जागा मोकळी ठेवली. मग म्हणाली, "नव्हतं." दानियानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रुदैनानं तिला थोपटलं. आपला हात थोपटतोय हे ती पाहत होती. हात चांगला वागत होता.

गुरुवारी ती इस्पितळात गेली. हाशमीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावरचं सरकारी इस्पितळ. टॅक्सीवाला सारखा बोलत होता, ती हो-हो करत होती. काय बोलायचं ते तिनं घरी जुळवून ठेवलं होतं, तीन वाक्यं. दुसऱ्या मजल्याच्या लांबलचक व्हरांड्यात फव्वाज बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, तोच मंगळवारचा सदरा. तिला पाहून तो उठायला लागला, तिनं बसवलं आणि शेजारी बसली. तीन वाक्यांतलं पहिलंच तिला सापडेना. "अबू लैथ, त्या दिवशी ठराव करताना मी..."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी तुझ्याकडेच पाहत होतो."

"मी बोलायला हवं होतं."

"मला वाटलं होतं, बोलशील." तो म्हणाला. "मग वाटलं, बरं झालं बोलली नाही. लाज राहिली. दोन्ही वाटलं. आणि अंगठा काय तू नाही धरून वर केलास माझा. कुलूप काय तू लावलंस?"

"मी किल्ली पाहिली होती," रुदैना म्हणाली. हे जुळवून ठेवलेलं नव्हतं. "नवी किल्ली. मला कळलं होतं, आणि मी विचारलं नाही."

तिनं वाट पाहिली. त्यानं चिडावं, निघून जा म्हणावं, काहीही. पण तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला, आणि सदराच इतका मळलेला की काच आणखी धुरकट झाली. शेवटी म्हणाला, "एक काम करशील? तासभर तिच्याजवळ बस. मी घरी जाऊन आंघोळ करून येतो. सुमय्या दुपारी येईल. दोन दिवस मी इथून हललो नाही." ती इतक्या घाईनं "हो" म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली.

नवाल उशीला टेकून बसवलेली होती. लहानखुरी बाई, हाताला प्लॅस्टर, केस कुणीतरी नीट विंचरून वेणी घातलेली. रुदैना खुर्ची ओढून बसली. "तू सुमय्याची मुलगी का?" "नाही मावशी, मी अबू लैथच्या ऑफिसातली." "हां." थोड्या वेळानं, "तो कुठे गेला?" "येतायत. आंघोळीला गेलेत." "हां." पुन्हा, "तो कुठे गेला?" सहा वेळा झालं. रुदैना दर वेळी तेच सांगत होती, आणि तिला ते बरं वाटत होतं. तेच तेच विचारलं जाणं आणि दर वेळी खरं उत्तर देता येणं. खिडकीबाहेर सिलिंडर विकत फिरणाऱ्या गॅसच्या गाडीचं ठरलेलं संगीत टेकडी उतरत गेलं. मग नवालनं बऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि अगदी स्वच्छ, शहाण्या आवाजात म्हणाली, "तो दार लावून जायचा."

रुदैना पुढे वाकली.

"मला कळायचं. कुलूप फिरतं त्याचा आवाज होतो. मी हाक मारली नाही एकदाही. त्याला उशीर होत होता ना." तिनं मनगट सोडलं नाही. "त्याला सांगू नकोस हं. त्याला वाटतं, मला कळत नाही. तेवढंच बरं वाटत असेल त्याला."

फव्वाज आला तेव्हा तास पुरा झाला नव्हता. ओले केस मागे सारलेले, धुतलेला सदरा, दाढी करताना हनुवटीवर कापलेलं. नवालला डोळा लागला होता. "त्रास दिला का? माझं विचारत होती?" त्यानं हळू आवाजात विचारलं. हो म्हटलं असतं तर तेवढ्यावर संपलं असतं. विचारत होत्या, सहा वेळा. खोटं नव्हतं ते. रुदैना उठून उभी राहिली, पिशवी खांद्याला लावली. "त्यांना कळत होतं, अबू लैथ," ती म्हणाली. "कुलूप लागायचं ते. त्यांनी हाक मारली नाही, तुम्हाला उशीर होईल म्हणून." बोलता बोलताच तिला जाणवलं, की हे आपण त्याच्यासाठी सांगतोय की स्वतःवर पुन्हा एकदा गुपिताचं ओझं राहू नये म्हणून, हे तिला ठरवता येत नाही, आणि कदाचित कधीच येणार नाही.

फव्वाज पलंगाच्या कडेला बसला. त्याच्या चेहऱ्याकडे तिला पाहवेना, पण या वेळी तिनं मान वळवली नाही. त्यानं नवालच्या प्लॅस्टरवर हात ठेवला. ती जागी झाली. "नवाल," तो म्हणाला, "तुला दार लागलेलं कळायचं?"

नवालनं त्याच्याकडे पाहिलं, मग रुदैनाकडे. तिच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी तिच्या हाती येत होतं आणि निसटत होतं. "कोण म्हणालं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," फव्वाज म्हणाला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.